वाचकाचा अनुभव आणि कथेतील मोकळ्या जागा : 'कॅट पर्सन'च्या वाचनाविषयी

डिसेंबर २०१७ मध्ये 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकात क्रिस्टन रुपेनियन या तोवर फारशा परिचित नसलेल्या लेखिकेची 'कॅट पर्सन' ही कथा प्रसिद्ध झाली. वीस वर्षांची एक महाविद्यालयीन तरुणी आणि चौतीस वर्षांचा एक पुरुष यांची ओळख, काही आठवडे चाललेली संदेशांची देवघेव, एक फसलेली संध्याकाळ आणि तिच्यानंतरचे तुटणे, एवढाच या कथेचा ऐवज. अशी कथा अंकात येते, जाणकार ती वाचतात आणि पुढच्या अंकाबरोबर ती मागे पडते, असा सर्वसाधारण क्रम असतो. या कथेच्या बाबतीत तो मोडला. अल्पावधीत ती लाखो लोकांनी वाचली. एरवी लघुकथेच्या वाटेला न जाणारे वाचकही तिच्यावर हिरिरीने बोलू लागले, आणि बोलताना त्यांपैकी पुष्कळांनी तिचा उल्लेख 'कथा' असा न करता 'लेख' असा केला.

हा केवळ शब्दाचा घोटाळा मानता येणार नाही. लेख म्हटला की त्यातील विधानांशी सहमत व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न उरतो. कथा म्हटली की तिच्यातील विधान कोणाचे, ते कोणत्या अंतरावरून केले गेले, निवेदक त्याच्या पाठीशी आहे की नाही, हे प्रश्न आधी उभे राहतात. 'कॅट पर्सन'च्या बहुसंख्य वाचकांनी हे मधले प्रश्न ओलांडले आणि ते थेट निवाड्यापाशी पोचले. निवाड्याचे साधन त्यांच्या हाताशी होतेच : प्रत्येकाच्या आयुष्यातील अशी एखादी संध्याकाळ. स्त्री-पुरुषांच्या आधुनिक भेटीगाठींवरील कथा वाचताना वाचकाचा स्वानुभव नेमके काय करतो, तो अर्थाची वाट उजळतो की अडवतो, हा येथील विचाराचा विषय आहे. ज्या प्राध्यापकांना वर्गात आजची कथा शिकवायची आहे त्यांच्यापुढे हा प्रश्न दर सत्रात उभा राहत असल्याने त्याला निव्वळ सैद्धांतिक मानण्याचे कारण नाही.

प्रथम कथेची घडण पाहू. मार्गो ही तरुणी एका चित्रपटगृहातील खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करते. रॉबर्ट तेथे गिऱ्हाईक म्हणून येतो. तिच्या थट्टेवजा बोलण्यातून ओळख होते, फोन नंबर दिला-घेतला जातो आणि मग संदेश सुरू होतात. या संदेशांत तो चतुर आहे, विनोदी आहे. त्याच्या घरी दोन मांजरे असल्याचे तो सांगतो आणि त्या मांजरांभोवती दोघे मिळून एक लटके कथानक रचत राहतात. प्रत्यक्ष भेटीत मात्र हा चतुर माणूस अवघडलेला, मधूनच दुखावलेला, मधूनच टोचून बोलणारा वाटतो. एका मद्यालयात वयाच्या अटीमुळे मार्गोला प्रवेश नाकारला जातो, तिला रडू येते, आणि तिचे रडणे पाहून तो एकाएकी हळुवार होतो. पुढे त्याच्या घरी जाण्याचा प्रस्ताव तीच मांडते. तेथे ऐन वेळी तिचे मन फिरते. तथापि आता थांबवायचे तर जे चातुर्य आणि जो हळुवारपणा लागेल तो आपल्याला जमणार नाही, असे तिला वाटते आणि ती थांबवत नाही. नंतर ती त्याला टाळते. अखेरीस तिची मैत्रीण टमारा तिच्या फोनवरून एक रोखठोक नकार पाठवून देते. कथेच्या शेवटी रॉबर्टचे संदेश एकापाठोपाठ एक येतात : आधी सौजन्याचे, मग चौकशीचे, मग संशयाचे, आणि शेवटी केवळ एका शब्दाचा. तो शब्द शिवी आहे आणि कथा तेथेच थांबते.

कथा तृतीयपुरुषी निवेदनात आहे. पण निवेदकाची नजर मार्गोच्या मनाबाहेर जात नाही. रॉबर्ट वाचकाला दिसतो तो तिला दिसेल तेवढाच. ही मर्यादा कथेने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळली आहे, आणि वाचनाचे सारे वाद याच मर्यादेभोवती फिरलेले आहेत.

प्रसिद्धीच्या वेळेचाही विचार करावयास हवा. ऑक्टोबर २०१७ मध्ये चित्रपटनिर्माता हार्वी वाइन्स्टीन याच्यावरील आरोप वृत्तपत्रांतून बाहेर आले होते आणि 'मी टू' या शब्दांनिशी असंख्य स्त्रिया आपले अनुभव सांगत होत्या. हान्स रॉबर्ट याउस ज्याला 'अपेक्षांचे क्षितिज' म्हणतो ते या काळात पूर्णपणे साक्षीचे क्षितिज होते. स्त्रीने सांगितलेल्या अप्रिय शरीरसंबंधाची हकिगत ही साक्ष म्हणूनच ऐकली जात होती. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढेच ऐकणाऱ्याला ठरवायचे होते. त्या हवेत आलेली कथा साक्ष म्हणून वाचली गेली, यात नवल नाही.

वाचकांचे ढोबळमानाने दोन तट पडले. पुष्कळ स्त्रियांनी म्हटले की हे आपल्याच बाबतीत घडले आहे. नको असताना 'नको' म्हणणे जड जाते म्हणून होऊ दिलेले जे असते, त्याला भाषेत नाव नव्हते. ते या कथेने प्रथमच नेमके पकडले. उलटपक्षी अनेक पुरुषांनी म्हटले की रॉबर्टने केले तरी काय? त्याने विचारले, तिने होकार दिला. मग काहीही न सांगता तिने त्याला तोडले. शेवटचा शब्द वाईट खरा, पण तो दुखावलेल्या माणसाचा शब्द. पुरुषांच्या अशा प्रतिक्रिया गोळा करून दाखवणारे एक खातेच ट्विटरवर उघडण्यात आले. रॉबर्टच्या बाजूने तीच घटना सांगणारे लेखनही झाले. आणखी काहींना रॉबर्टच्या देहाचे वर्णन खटकले. स्थूल देहाची ही हेटाळणी आहे असा त्यांचा आक्षेप होता. येथे ती किळस निवेदकाची की मार्गोची, हा प्रश्न विचारला गेला असता तर आक्षेपाचे स्वरूप बदलले असते. ती किळस मार्गोचीच आहे आणि कथा तिच्याकडे फारशा कौतुकाने पाहत नाही.

या दोन्ही तटांत एक विलक्षण साम्य आहे. दोघांनीही रॉबर्टच्या अंतरंगातील अंधारी जागा स्वतःच्या ओळखीच्या माणसाने भरली. स्त्रीवाचकांनी तेथे त्यांना भेटलेला पुरुष बसवला. पुरुषवाचकांनी बहुधा स्वतःलाच बसवले. संहितेत मात्र तेथे कोणीच नाही.

वाचनाच्या या प्रकाराला समीक्षेने पूर्वीच दोष म्हणून नोंदवले आहे. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता तेरा कविता दिल्या आणि त्यांची लेखी टिपणे तपासून १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. वाचनाला अडथळा आणणाऱ्या गोष्टींची जी यादी त्यात आहे तिच्यात वाचकाच्या खाजगी आठवणींचा असंबद्ध शिरकाव आणि ठरीव साचेबंद प्रतिसाद या दोन गोष्टी ठळकपणे येतात. पुढे विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी कृती आणि तिचा परिणाम यांची गल्लत हा तर्कदोषच ठरवला. या परंपरेत वाढलेला अध्यापक 'कॅट पर्सन'च्या वाचकांना सरळ नापास करील. विद्यार्थिनीने "माझ्या बाबतीत असेच झाले" असे म्हणताच तो तिला संहितेकडे परत पाठवील.

ही शिस्त उपयोगाची आहे, पण ती अपुरी आहे. आणि तिचे अपुरेपण नेमके कोठे आहे हे सांगण्यासाठी भारतीय काव्यशास्त्रातील एक जुनी चर्चा अधिक कामाची ठरते. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील 'अभिनवभारती' या टीकेत रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी दोन येथे प्रस्तुत आहेत. एक, समोर चाललेले हे माझेच आहे किंवा हे केवळ दुसऱ्या कोणाचे आहे अशा ठाम निश्चयामुळे विशिष्ट स्थळकाळात अडकून पडणे. दुसरे, 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखाच्या आहारी जाणे. येथवर अभिनवगुप्त आणि रिचर्ड्‌स एकाच बाजूचे वाटतात. परंतु तोच अभिनवगुप्त असेही मानतो की रसप्रतीतीला प्रेक्षकाच्या ठिकाणी वासना, म्हणजे पूर्वानुभवांचे संस्कार, असावेच लागतात. ज्याच्या ठायी रतीचा संस्कारच नाही त्याला शृंगार पोचणार नाही. म्हणजे अनुभव ही आस्वादाची पूर्वअटही आहे आणि त्यातील विघ्नही आहे.

ही विसंगती नव्हे. वासना आणि स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्मृती तारीख-वार घेऊन येते, तिच्यात माणसांना नावे असतात, हिशेब चुकते करावयाचे असतात. वासना ही अनुभव झिजून, मुरून उरलेली ग्रहणशीलता असते. तिला स्वतःचे कथानक नसते, म्हणून ती दुसऱ्याचे कथानक सामावून घेऊ शकते. 'कॅट पर्सन'ची जी वाचने फसली ती अनुभवामुळे फसली असे म्हणणे बरोबर नाही. जेथे वासनेने काम करायला हवे होते तेथे स्मृतीने केले म्हणून ती फसली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचे जे द्वंद्व तपासले आहे त्याच्या परिभाषेत मांडायचे तर, कादंबरी-लघुकथा हे असे प्रकार आहेत की ज्यांत लौकिकाचा धागा तोडताच येत नाही. या प्रकारांना निखळ अलौकिकतेची कसोटी लावणे म्हणजे त्यांचे अर्धे अंग काढून टाकणे होय. न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी'ची कल्पना आज काहीशी अडगळीत पडली आहे. पण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरताना स्वतःची भूमिका पुरती न सोडणे, हे तिच्यातील मर्म या चर्चेत पुन्हा हाताळून पाहण्यासारखे आहे.

हे झाले सर्वसाधारण कथेविषयी. प्रस्तुत कथेत त्याहून अधिक काही आहे, आणि ते तिच्या वाचकांच्या नजरेतून बव्हंशी सुटलेले दिसते. वाचकांनी रॉबर्टशी जे केले तेच मार्गोने त्याच्याशी केलेले आहे. काही ओळींचे संदेश, एखादा विनोद, कपाळावरचे एक हलके चुंबन, एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून ती एक माणूस उभा करते. संदेश यायला उशीर झाला की तो उदासीन. लगेच आला की तो आसक्त. तो गप्प बसला तर एकदा लाजाळू आणि एकदा तुच्छतेने पाहणारा. त्याच्या मोटारीत बसताना, हा आपल्याला कोठे नेऊन मारून टाकील काय, असा विचारही तिच्या मनात येतो. आणि त्याच माणसाला आपल्या अश्रूंनी घायाळ झालेला पाहून ती सुखावतेही. ती त्याला वाचते आहे, आणि दर परिच्छेदाला नव्याने वाचते आहे. रॉबर्टही तेच करत होता. सुट्टीत ती गावी गेली असताना ती शाळेतल्या मित्राकडे परत जाईल या धास्तीने आपल्या मनात एक संपूर्ण नाटक घडून गेल्याचे तो शेवटी बोलून दाखवतो, आणि त्या नाटकाची गंधवार्ताही नसलेली मार्गो ते ऐकत पडून राहते. दोघांनी परस्परांविषयी दोन कथा रचल्या होत्या. भेट झाली ती त्या दोन कथांच्या लेखकांची.

वोल्फगांग इझर याने 'द ॲक्ट ऑफ रीडिंग' या नावाने इंग्रजीत आलेल्या ग्रंथात (मूळ जर्मन १९७६) संहितेतील मोकळ्या जागांचा विचार मांडला. संहिता सर्व काही सांगत नाही. न सांगितलेले वाचक भरून काढतो, आणि पुढचे वाचताना त्याला आपली भर पुनःपुन्हा दुरुस्त करावी लागते. या सिद्धांतातील दुसरा अर्धा भाग आपल्याकडील विवेचनांत अनेकदा गळून जातो. मोकळी जागा भरण्याचे स्वातंत्र्य तेवढे सांगितले जाते, दुरुस्तीचे बंधन सांगितले जात नाही. 'कॅट पर्सन' ही दुरुस्तीचीच कथा आहे. मार्गोला आपली भर सतत दुरुस्त करावी लागते आणि एका क्षणी ती दुरुस्तीची संधी असूनही घेत नाही. वाचकाला शेवटचा शब्द मिळताच वाटते की आता रॉबर्ट कळला, म्हणजे तो पहिल्यापासून असाच होता. पुरुषवाचकाला वाटते की या एका शब्दाने लेखिकेने आपल्यावर अन्याय केला. दोन्ही वाचने शेवटच्या शब्दाला निकालपत्र मानतात. वस्तुतः तोही एक संदेशच आहे, आधीच्या सर्व संदेशांइतकाच तुटक. फरक इतकाच की त्यानंतर कथेने तोंड मिटले आहे.

हे मौन किती असह्य असते याचा पुरावा पुढे मिळाला. सुझॅना फोगेल यांनी या कथेवर केलेला चित्रपट २०२३ मध्ये आला. कथा जेथे संपते तेथे तो थांबत नाही. पुढे आणखी एक संपूर्ण भाग जोडून मार्गो आणि रॉबर्ट यांना समोरासमोर आणतो. चित्रपटाला स्वतःची गरज असू शकते. पण वाचनाच्या दृष्टीने पाहता, लक्षावधी वाचकांनी मनात जी भर घातली होती ती येथे पडद्यावर चढली, आणि कथेचे जे बळ होते तेच तेथे खर्ची पडले, असे म्हणावे लागते.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. स्मृतीने वाचू नका असे कोणाला सांगितले जात आहे? ज्यांचा अनुभव वाङ्मयात आजवर आलाच नाही, आला तर पुरुषाच्या नजरेतून आला, त्या स्त्रियांना? ज्युडिथ फेटर्ली यांनी 'द रेझिस्टिंग रीडर' (१९७८) या ग्रंथात दाखवले की अमेरिकन कथावाङ्मय वाचताना स्त्रीला पुरुष होऊन वाचायला शिकवले जाते. 'सार्वत्रिक' म्हणून जे तिच्यापुढे ठेवले जाते ते पुरुषाचे असते. तेव्हा साधारणीकरणाच्या नावाखाली विशिष्ट स्त्रीची विशिष्ट आठवण बाजूला सारणे, हा जुन्याच अन्यायाचा नवा प्रकार ठरेल.

आक्षेपात तथ्य आहे. "हे माझ्या बाबतीत घडले" असे म्हणणाऱ्या स्त्रियांच्या वाचनाने या कथेतील एक गोष्ट प्रकाशात आणली, जी निव्वळ रूपवादी वाचनाला बहुधा दिसली नसती : होकार आणि इच्छा यांच्यामधली फट. ती फट ओळखण्यासाठी अनुभव लागला. परंतु तेथेच एक मर्यादाही दिसते. मार्गो पीडित आहे, एवढ्यावरच थांबणाऱ्या वाचनाला तिच्या मनातील आत्मप्रौढी दिसत नाही. रॉबर्टच्या नजरेतून स्वतःचे तरुण शरीर पाहून तिला जी धुंदी येते ती दिसत नाही. त्याच्याविषयीच्या दयेत मिसळलेला क्रूरपणा दिसत नाही. स्त्रीच्या इच्छेचा इतका गुंतागुंतीचा आणि कमी सोज्वळ आलेख लेखिकेने काढला, आणि साक्षीच्या वाचनाने तो पुसून टाकला. म्हणजे स्त्रीच्या अनुभवाला न्याय देऊ पाहणाऱ्या वाचनातच स्त्रीपात्राला पुन्हा एकदा सोपे करण्यात आले. अनुभवाने दार उघडले हे खरे. पण पुष्कळजण उंबऱ्यावरच थांबले.

मराठी वाचकाला हा प्रसंग अगदीच अनोळखी नाही. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या स्त्रियांच्या मनातील कोंडी आणि त्यांच्या इच्छा यांविषयी त्यात जे मोकळेपणाने आले होते त्याने खळबळ उडाली. तेव्हाही चर्चेचा मोठा भाग कथांच्या घडणीवर नव्हता, तर ही विभावरी कोण, हे तिचे स्वतःचे अनुभव की काय, या चौकशीवर होता. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांच्या लेखनातील संयम आणि उपरोध यांकडे लक्ष जायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. स्त्रीने स्त्रीपुरुषसंबंधांविषयी लिहिले की ती कबुलीच, हा समज शिकागो असो की पुणे, सारखाच चिवट आहे.

येथे आणखी एका प्रश्नाला हात घालावा लागतो. 'डेटिंग' या गोष्टीचा स्वतःला अनुभव नसलेला विद्यार्थी ही कथा वाचू शकतो काय? महाराष्ट्रातील पदव्युत्तर वर्गांत असे विद्यार्थी पुष्कळ असतात आणि अध्यापकही असतात. 'डेट' हा शब्द या अर्थाने १८९६ साली शिकागोतील जॉर्ज एड यांच्या वृत्तपत्रीय लेखनात सापडतो. तत्पूर्वी मध्यमवर्गीय अमेरिकन तरुण मुलीच्या घरी जात असे, आईच्या देखरेखीखाली दिवाणखान्यात बसत असे. डेटिंगने ही भेट घराबाहेर, पैसे खर्चून जावयाच्या ठिकाणी नेली आणि मधला कुटुंबाचा दुवा काढून घेतला. दुवा गेल्याबरोबर माणूस वाचण्याचे काम दोघांवर येऊन पडले. याच्या उलट, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे काम मामा, आत्या, मध्यस्थ, पत्रिका यांच्यात वाटलेले असते. तरी अर्ध्या तासाच्या भेटीत, पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या हातावरून किंवा "स्वयंपाक येतो का" या प्रश्नावरून, परक्या माणसाचे अंतरंग ताडण्याची तीच धडपड तेथेही चालते. जिने किंवा ज्याने ती धडपड केली आहे, किंवा बहिणीच्या बाबतीत जवळून पाहिली आहे, त्याच्या ठायी या कथेला लागणारी वासना आहेच. उलट ज्याने डझनभर डेट केल्या आहेत तो प्रत्येक संदेशाशी स्वतःच्या फोनमधील संदेश ताडून पाहत बसण्याची शक्यता अधिक. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या परिशीलनाने स्वच्छ झालेल्या मनाची अपेक्षा केली, समान घटनांच्या अनुभवाची नव्हे, हे येथे लक्षणीय आहे.

स्टॅन्ली फिश यांच्या 'अर्थनिर्णयी समूहां'च्या कल्पनेने या साऱ्याचे स्पष्टीकरण सहज होईल : स्त्रियांचा समूह, पुरुषांचा समूह, अमेरिकन, मराठी, आणि प्रत्येकाचा आपापला अर्थ. परंतु हे स्पष्टीकरण फारच सोयीचे आहे. एका समूहाला दुसऱ्याकडून काही शिकता का यावे, याचा त्यात पत्ता लागत नाही.

जुलै २०२१ मध्ये या कथेच्या वाचनाला अनपेक्षित वळण लागले. 'स्लेट' या नियतकालिकात एका स्त्रीने लिहिले की कथेतील गाव, कामाचे ठिकाण, वयातील अंतर असे कित्येक तपशील तिच्या स्वतःच्या आयुष्यातील आहेत. लेखिकेची आणि तिची ओळख नव्हती, पण तिच्या पूर्वीच्या मित्राशी लेखिकेची गाठ पडली होती. लेखिकेने तपशील घेतल्याचे मान्य केले आणि ते बदलावयास हवे होते असेही म्हटले. लेखनातील नैतिकतेचा जो वाद यातून झाला तो वेगळा विषय आहे. वाचनमीमांसेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की या स्त्रीच्या आठवणीतील तो मित्र सौम्य आणि जपणारा होता. तो आता हयात नव्हता. जगाने वाचलेला रॉबर्ट आणि तिने ओळखलेला माणूस यांच्यामध्ये सापडून तिला स्वतःच्याच आठवणीविषयी शंका येऊ लागली. इतर वाचकांनी आपल्या अनुभवाने कथा वाचली; येथे कथेने एका वाचकाचा अनुभव वाचावयास घेतला. लाखो लोकांनी एकमताने केलेल्या अर्थापुढे एका माणसाची प्रत्यक्ष स्मृती डळमळावी, हे कथेच्या सामर्थ्याचे लक्षण की वाचकांच्या उतावळेपणाचे? कथेने रॉबर्टला जितके मोकळे सोडले होते तितके वाचकांनी सोडले असते तर त्या स्त्रीवर हा प्रसंग इतक्या तीव्रतेने आला नसता, असे मानण्यास जागा आहे.

कथेच्या मध्यावर एक छोटासा प्रसंग आहे, ज्याची चर्चा फारशी झालेली दिसत नाही. रॉबर्टच्या शयनगृहात, ऐन नकोशा क्षणी, मार्गो मनातल्या मनात पुढे कधीतरी भेटणाऱ्या एका मुलाची कल्पना करते. त्याला ती ही सारी हकिगत सांगेल आणि दोघे मिळून हसतील. तो सारे समजून घेईल. दुसऱ्याच क्षणी तिला कळून चुकते की असा मुलगा नाही आणि कधी असणारही नाही. ही कल्पना एका आदर्श श्रोत्याची आहे. या जागेपाशी वाचकाने थबकायला हवे होते, कारण आपणच तो श्रोता आहोत असे वाटण्याचा मोह येथेच सर्वाधिक होतो, आणि तसे कोणी नाही असे कथा त्याला येथेच सांगते.

वर्गात ही कथा किंवा तिच्यासारखी मराठी कथा शिकवताना विद्यार्थ्याच्या अनुभवकथनाला मज्जाव करण्याचे कारण नाही; मज्जाव केला तरी ते मनात चालूच राहते आणि मग तपासताही येत नाही. ते बोलले जावे, आणि बोलून झाल्यावर विद्यार्थ्याला कथेतील एखाद्या नेमक्या प्रश्नाकडे वळवावे. असा एक प्रश्न कथेच्या शीर्षकातच आहे. रॉबर्टच्या घरी दोन मांजरे आहेत असे तो सांगतो. मार्गो त्याच्या घरी जाते, तेथील पुस्तके, खेळ, भिंतीवरची चित्रे पाहते. मांजर तिला दिसत नाही, आणि ती त्याने बनवून सांगितली होती काय अशी शंका तिच्या मनाला चाटून जाते. कथा याचे उत्तर देत नाही. मांजरे होती, असे ज्याला वाटते त्याने ते कोणत्या वाक्यावरून ठरवले, आणि नव्हती असे ज्याला वाटते त्याने कोणत्या, हे दोघांनी पान उघडून एकमेकांना दाखवावे. ते वाक्य सापडत नाही असे लक्षात आल्यावर वर्गात जी शांतता पसरेल, तेथून पुढे अध्यापनाला सुरुवात करता येईल.